मागच्या बाकावरचें मूल

(आकाशवाणीवरील भाषण)

प्राथमिक शाळेच्या कोणत्याही वर्गांत डोकावून पाहिलें, तर मागच्या बाकावर एक तरी मूल असें आढळतें कीं, ज्याच्याविषयीं मास्तरांचें मत पूर्वींच ठरून गेलेलें असतें. 'मठ्ठ आहे', 'आळशी आहे', 'लक्ष देत नाहीं', ह्यांपैकीं एखाद्या वाक्यांत तें मत संपतें. घरीं आईबापांनीं हींच विशेषणें थोडीं सौम्य किंवा थोडीं कठोर करून वापरलेलीं असतात. मूल तीं दोन्हीकडे ऐकतें, आणि दोनतीन वर्षांत त्याचाही त्यांवर विश्वास बसतो.

मीं ३६ वर्षें प्राथमिक शाळेंत मास्तरकी केली. पैकीं पहिल्या पंधरावीस वर्षांत हीं विशेषणें मींही सढळ हातानें वांटलीं. आज ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला असलाच, तर तो विद्वत्तेचा नव्हे. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पदविका घेतलेला साधा शिक्षक आहें. माझ्या हातून झालेल्या एका चुकीनें मला हा विषय शिकविला. तेव्हां आरंभ त्या चुकीपासूनच करतों.

१९८६ सालीं माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यांत एका सुताराचा मुलगा होता. बोलण्यांत चुणचुणीत, निरोप दिला तर जसाच्या तसा पोंचविणारा, ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीं बारीकसारीक तपशिलासह सांगणारा. तोंडी हिशेबांत तर तो माझ्या बरोबरीनें चाले. परंतु पुस्तक उघडलें कीं तोच मुलगा निराळा होऊन जाई. 'घर' हा शब्द तो 'धर' असा वाची, 'किती' लिहावयास सांगितलें तर 'कती' लिही, आणि जोडाक्षर आलें म्हणजे चिखलांत गाडी रुतावी तसा तेथेंच थांबे. काल घोटून घेतलेलें अक्षर आज त्याला अनोळखी वाटे. ज्याला इतकी अक्कल आहे त्याला वाचतां येत नाहीं, ह्याचा मीं एकच अर्थ लावला, आणि तो म्हणजे 'हा मुद्दाम करतो!' मग मी त्याला रोज सर्व वर्गापुढें उभें करून वाचावयास लावूं लागलों. वर्ग हंसे. मी पट्टी उगारीं, आणि उगारलेली पट्टी पुष्कळदां खालींही येई. चौथीनंतर त्याचें नांव शाळेच्या पटावरून गेलें. बापानें त्याला आपल्या हाताशीं घेतलें. त्या दिवशीं मला थोडें सुटल्यासारखें वाटलें, हेंही कबूल केलें पाहिजे.

पुढें २००१ सालीं सर्व शिक्षा अभियान सुरू झालें, आणि त्यांतील एका प्रशिक्षणवर्गास मला धाडण्यांत आलें. व्याख्यात्या बाईंनीं फळ्यावर कांहीं मुलांचीं लक्षणें एकाखालीं एक लिहिलीं. चौथ्या ओळीपाशीं येतां येतां मला त्या सुताराच्या मुलाचा चेहरा दिसूं लागला. त्याला काय होत होतें, हें मला १५ वर्षांनीं कळलें. तें ज्ञान त्याच्या कांहींच उपयोगाचें नव्हतें. परंतु पुढील मुलांच्या उपयोगीं तें पडूं शकत होतें, आणि आज तेंच आपल्यापुढें ठेवावयाचें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, मागें पडणारीं सर्व मुलें एकाच कारणामुळें मागें पडत नाहींत. म्हणून उपाय करण्यापूर्वीं कारण शोधलें पाहिजे, आणि तें शोधतांना सर्वांत साध्या कारणापासून निघालें पाहिजे. तें म्हणजे डोळे आणि कान.

ज्या मुलाला दूरचें अंधुक दिसतें, त्याला आपल्याला अंधुक दिसतें हें ठाऊकच नसतें. कारण स्पष्ट दिसणें म्हणजे काय ह्याचा अनुभव त्याला आलेलाच नसतो. तें मूल फळ्यावरचा मजकूर शेजाऱ्याच्या वहींतून उतरवून घेतें, आणि आपण त्याला नकल करण्याबद्दल रागावतों. कानाची गोष्ट याहून फसवी आहे. वारंवार होणारी सर्दी, फुटलेला कान, सांचलेला मळ, ह्यांमुळें मुलाला थोडें कमी ऐकूं येऊं लागतें. मोठ्यानें मारलेली हांक त्याला ऐकूं येते, म्हणून घरांत कोणास संशय येत नाहीं. परंतु वर्गाच्या गलबल्यांत बोललेल्या शब्दांतले हलके उच्चार त्याच्यापर्यंत पोंचत नाहींत. मग विचारावें एक आणि त्यानें सांगावें दुसरेंच! मुलाच्या पाठीमागें उभें राहून, त्याला आपले ओठ दिसणार नाहींत अशा रीतीनें, हलक्या आवाजांत चारसहा शब्द उच्चारावे व तें ते बरोबर म्हणतें कीं नाहीं हें पाहावें. ही कांहीं वैद्यकीय परीक्षा नव्हे. पण डॉक्टरांकडे जावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्यापुरती ती पुरेशी आहे. माझ्या शेवटच्या शाळेंत मी दरवर्षीं जून महिन्यांत ही परीक्षा घेत असें, आणि 'मठ्ठ' म्हणून माझ्या हवालीं केलेल्या मुलांपैकीं एखाददुसऱ्याचा मठ्ठपणा चष्म्यानें किंवा कानाच्या औषधानें गेलेला मीं पाहिला आहे.

डोळे-कान नीट असूनही जें मूल सर्वच बाबतींत, म्हणजे चालणें, बोलणें, समजणें ह्या सर्वांत, आपल्या वयाच्या मानानें सावकाश वाढतें, त्याची गोष्ट निराळी. त्याला तेंच ज्ञान लहान लहान घासांनीं, अधिक वेळां, आणि हाताळतां येणाऱ्या वस्तूंच्या साहाय्यानें द्यावें लागतें. कांहीं मुलांचें चित्त क्षणभरही एके ठिकाणीं ठरत नाहीं. त्यांना रागावून उपयोग होत नाहीं, तर काम थोडें देऊन मध्यें उठण्याबसण्याची मुभा द्यावी लागते. परंतु मला विशेष सांगावयाचें आहे तें तिसऱ्या प्रकाराविषयीं. त्यांत मुलाची बुद्धि चांगली असते, डोळे चांगले, कान चांगले. तरी वाचन, लेखन किंवा गणित ह्यांपैकीं एखादीच वाट त्याला बंद असते. ह्याला विशिष्ट अध्ययन-अक्षमता म्हणतात. वाचनापुरती ती असेल तेव्हां तिला डिस्लेक्सिया हें नांव आहे. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' ह्या चित्रपटामुळें हें नांव घरोघरीं पोंचलें.

मात्र ही कांहीं अलीकडे निघालेली गोष्ट नव्हे. १८९६ सालीं इंग्लंडांतील प्रिंगल मॉर्गन ह्या डॉक्टरांनीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, खेळांत चपळ होता, अंकांशीं त्याचें वैर नव्हतें. पण वर्षानुवर्षें शिकवूनही त्याला साधे शब्द वाचतां येत नसत. त्याच्या मास्तरांचें म्हणणें त्या लेखांत नमूद आहे. शिक्षण सगळें तोंडी असतें तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, अशा अर्थाचें तें आहे. एका मास्तराला जें १८९६ मध्यें दिसलें, तें दुसऱ्या मास्तराला १९८६ मध्यें दिसूं नये, हें मनाला लागण्यासारखें आहे.

बुद्धिमापनाचा इतिहासही ह्या संदर्भांत आठवण्याजोगा आहे. १९०५ सालीं पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने व सिमाँ ह्यांनीं आपली मापनश्रेणी तयार केली, ती कोणा मुलाला शाळेबाहेर घालविण्यासाठीं नव्हे, तर कोणत्या मुलांना विशेष शिक्षणाची गरज आहे हें ओळखण्यासाठीं. आपल्याकडे वि. वि. कामत ह्यांनीं त्या कसोट्या कानडी व मराठी मुलांसाठीं बसविल्या आणि त्यांवरील त्यांचें पुस्तक १९४० सालीं निघालें. म्हणजे मराठी मुलाला मराठींत तपासण्याचें साधन आपल्याला बरेंच पूर्वीं मिळालें होतें. तपासल्यावर शिकविण्यांत बदल करावयाचा असतो, एवढें मात्र आम्ही विसरलों.

आतां असें कां होतें, तें पाहूं. बोलणें मूल आपोआप शिकतें. वाचणें कोणीच आपोआप शिकत नाहीं. मनुष्य बोलूं लागून युगें लोटलीं, पण लेखनकला अवघी पांचेक हजार वर्षांची आहे. डोळ्यांनीं पाहिलेल्या खुणेची कानांनीं ऐकलेल्या ध्वनीशीं गांठ घालण्याचें काम मेंदूला नव्यानें शिकावें लागतें. बहुतेकांची ही गांठ लवकर पक्की बसते. कांहींची पुनः पुनः सुटते. हा दोष पुष्कळदां कुळांत चालत आलेला असतो. आईच्या हयगयीशीं किंवा मुलाच्या आळसाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

आपली देवनागरी लिपि उच्चारानुसारी आहे, असें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें बव्हंशीं खरें आहे. तरी अडखळणाऱ्या मुलाच्या बाजूनें तिच्याकडे पाहावें. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' हीं अक्षरें किती जवळचीं दिसतात! 'राजा रवाना झाला' ह्याऐवजीं 'राजा खाना झाला' असें वाचल्याचा विनोद आपण सर्वांनीं ऐकला आहे. पण त्या मुलाला तो विनोद नव्हे, रोजचा प्रसंग आहे. 'कि' म्हणतांना आधीं 'क' ऐकूं येतो, परंतु डोळ्यांना आधीं दिसते ती वेलांटी. 'सूर्य' ह्या शब्दांत 'र' उच्चारतों 'य'च्या आधीं, आणि त्याची खूण बसते 'य'च्या डोक्यावर. एकटा 'र' घेतला तरी 'प्रकाश', 'ट्रक', 'पर्वत' आणि 'दऱ्या' ह्या शब्दांत तो चार वेषांत येतो. 'चमचा' आणि 'चहा' ह्यांतला 'च' लिहावयाचा एकच, पण उच्चार दोन. आपल्याला हें कधीं जाणवलें नाहीं, कारण आपण ह्या वळणांवरून लहानपणींच धांवत गेलों.

आंकड्यांची अडचणही अशीच आहे. 'पंचवीस' म्हणतांना पांच आधीं ऐकूं येतात, म्हणून मूल ५२ लिहितें. 'एकोणतीस' ह्यांत तीस ऐकूं येतात, पण लिहावयाची सुरुवात मात्र दोनानें! २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस पांच' अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हां केवढा गदारोळ झाला तें आपणांस आठवत असेल. त्या वेळीं गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जुनीं संख्यानामें पुसून टाकावींत असें त्या पुस्तकाचें म्हणणें नव्हतें. चढतांना धरावयास एक कठडा द्यावा, एवढेंच होतें. ज्याला कठडा नको, त्यानें तो धरूं नये. पण ज्याला पाहिजे, त्याच्यासाठीं तो काढून टाकण्यांत काय शहाणपण?

आतां उपायांकडे वळूं. प्रशिक्षणानंतर दोनतीन वर्षांनीं माझ्या दुसरीच्या वर्गांत एक मुलगी आली. तिचा सर्व प्रकार त्या सुताराच्या मुलासारखाच. ह्या वेळीं मीं पट्टी कपाटांत ठेवली. पहिला नियम असा केला कीं, न विचारतां तिला वर्गापुढें मोठ्यानें वाचावयास लावावयाचें नाहीं. दुसरा नियम असा कीं, तिच्याकडून एका वेळीं एकच अक्षर किंवा एकच खूण घ्यावयाची, आणि ती डोळे, कान, तोंड व हात ह्या चारींच्या वाटेनें घ्यावयाची. परातींत बारीक वाळू पसरून तिनें बोटानें 'घ' काढावा, काढतांना मोठ्यानें 'घ' म्हणावें, आणि मग घडा, घर, घंटा असे शब्द सांगावे. 'ध' शिकवावयाचा तो 'घ' पक्का झाल्यावर, महिनाभरानें. दोन सारखीं अक्षरें एकाच दिवशीं शेजारीं मांडणें ही आम्हां मास्तरांची मोठी चूक असते. शब्दपट्ट्यांवर मी वेलांटी व रफार तांबड्या शाईनें काढीत असें, म्हणजे डोळा तेथें थांबतो. शुद्धलेखनाचे दहा शब्द असत, त्यांचे चार केले. वहींत तांबड्या फुल्या मारण्याऐवजीं बरोबर असलेल्या अक्षरांखालीं रेघ ओढूं लागलों. परिसर अभ्यासाची परीक्षा तिची तोंडी घेतली, आणि तींत ती वर्गांतल्या पहिल्या पांचांत आली. आपल्यालाही कांहीं येतें, हें तिला त्या दिवशीं प्रथम कळलें.

ह्यांत माझें स्वतःचें कांहीं नाहीं. मारिया माँटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोममध्यें बालगृह काढलें, त्यापूर्वीं त्यांनीं मंदबुद्धि मानलेल्या मुलांना शिकविण्याचें काम केलें होतें. बोटांनीं चांचपण्याचीं खरखरीत अक्षरें त्या अनुभवांतून आलेलीं आहेत, आणि तींच पुढें सर्व मुलांना उपयोगीं पडलीं. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं बोर्डी व कोसबाड येथें हीच दृष्टि आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. महाग साधनें नव्हतीं, म्हणून त्यांनीं बिया, पानें, शिंपले हातीं घेतले. अडलेल्या मुलासाठीं शोधलेली पद्धति न अडलेल्या मुलालाही चांगलीच असते, हें ह्यावरून दिसतें.

वर्षअखेर ती मुलगी धडाधड वाचूं लागली, असें सांगितलें तर तें खोटें होईल. ती चार ओळी वाचूं लागली, आणि शाळेंत येतांना रडेनाशी झाली. एवढ्यासाठीं मला रोज वीस मिनिटें खर्चावीं लागलीं. पन्नास मुलांच्या वर्गांत वीस मिनिटें काढणें कठीण असतें, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्राथमिक शाळेंत ३० मुलांमागें एक शिक्षक हें जें प्रमाण घालून दिलें, तें केवळ कागदावरचा आंकडा नव्हे. अशा मुलांच्या वांट्याला येणारीं मिनिटें त्यावर ठरतात.

घरच्या मंडळींना चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. शाळेंत सहा तास हरून आलेल्या मुलाला संध्याकाळीं दोन शिकवण्यांना धाडूं नका. पंधरा मिनिटें पुरेत, पण तीं शांतपणें आणि रोज. त्याला स्वतः वाचावयास लावण्याइतकेंच महत्त्व त्याला वाचून दाखविण्यास आहे. वाचतां येत नाहीं म्हणून गोष्टींना आणि ज्ञानाला त्यानें मुकावें, हें योग्य नव्हे. धाकट्या बहिणीचे गुण त्याच्यासमोर मोजूं नका. आणि घरांत मराठी बोलणाऱ्या मुलाची एका भाषेंत वाचतांना तारांबळ होत असेल, तर केवळ प्रतिष्ठेसाठीं दुसऱ्या भाषेच्या माध्यमाचें ओझें त्याच्यावर घालण्यापूर्वीं दहा वेळां विचार करा.

निदानाची घाई मात्र करूं नये. पहिलींतलें प्रत्येक मूल अक्षरें उलटसुलट करतें. साधारणतः आठवें वर्ष लागेपर्यंत, म्हणजे तिसरीपर्यंत, वाचन-लेखनाच्या अक्षमतेचें निश्चित प्रमाणपत्र देत नाहींत. परंतु प्रमाणपत्र मिळेपर्यंत साहाय्यच करावयाचें नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. वाळूंत अक्षर काढण्यासाठीं कोणाचा शिक्का लागत नाहीं. पुढें तपासणीसाठीं मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत सोय असते. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांतील केंद्र ह्या कामासाठीं पुष्कळांना ठाऊक आहे.

कायदाही आतां मुलाच्या बाजूस आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि अध्ययन-अक्षमता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकार आले, आणि त्यांत ती स्पष्टपणें आली. ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून शिकविण्याचे योग्य उपाय योजणें हें शाळेचें कर्तव्य आहे, असें ह्या कायद्याचें कलम १६ सांगतें. म्हणजे पालकानें मुख्याध्यापकांकडे जावें तें याचक म्हणून नव्हे.

शालान्त परीक्षेंत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळतात. पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मला विचारतात, 'गुरुजी, हा इतर मुलांवर अन्याय नव्हे काय?' त्यांना मी उलट विचारतों, 'आपण चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतां, हा चष्मा न लावणाऱ्यांवर अन्याय आहे काय?' चष्म्यामुळें अग्रलेख समजत नाहीं. तो फक्त दिसतो, समजून घेण्याचें काम आपलें आपणच करावें लागतें. जादा वेळानेंही उत्तर सुचत नाहीं. सुचलेलें उत्तर कागदावर उतरतें, एवढेंच. खोटीं प्रमाणपत्रें घेणारे कोणी असतील, तर त्यांचा बंदोबस्त अवश्य करावा. पण त्यांच्यासाठीं खऱ्या गरजवंताला शिक्षा देऊं नये.

शेवटीं पुन्हां त्या सुताराच्या मुलाकडे येतों. निवृत्त झाल्यावर घरांत पुस्तकांचें कपाट करावयाचें होतें. कारागीर म्हणून जो गृहस्थ आला, तो तोच होता. त्यानें मला ओळखलें, वांकून नमस्कार केला, आणि भिंतीचीं मापें घेतलीं. एकही आंकडा लिहून न ठेवतां त्यानें लांकूड, फळ्या, बिजागऱ्या ह्यांचा सगळा हिशेब तोंडानें सांगितला. मीं तो पुढें पडताळून पाहिला. तो चोख होता. मग मीं आगाऊ रकमेची पावती मागितली. तो क्षणभर थांबला आणि हंसून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच लिहा. मी खालीं सही करतों."

मीं पावती लिहिली. त्यानें सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. मागील गोष्टीबद्दल कांहीं बोलावें असें माझ्या मनांत होतें. शेवटीं मीं तें बोललों. पट्टीबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, "मार मी कधींच विसरलों, गुरुजी. पोरं हंसायचीं तेवढं लक्षांत आहे." त्याचा मुलगा त्या वर्षीं दुसरींत होता आणि वाचतांना अडखळत होता. तो मुलगा पुढें दोन वर्षें रोज संध्याकाळीं माझ्याकडे येई. त्या कपाटाशेजारीं बसून आम्ही दोघे परातींतल्या वाळूंत अक्षरें काढीत असूं.